हिराबादचा फोन चालतो, मुंब्र्याचा भाडेकरू चालत नाही

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून)

माझं माहेर कल्याणचं, मराठी. सासर उल्हासनगरचं, सिंधी. लग्न ठरलं तेव्हा माझे वडील म्हणाले होते, "अख्खं कल्याण सोडून त्या निर्वासितांच्यात कशाला?" पण सगळं चांगलं झालं. सासरे आता 89 वर्षांचे आहेत. ते सिंधमधल्या हैदराबादचे. तिथे हिराबाद भागात त्यांचं घर होतं, शाही बाजारात वडिलांचं कापडाचं दुकान होतं. अकरा वर्षांचे असताना सगळे कराचीहून बोटीने मुंबईला आले, तिथून कल्याण कॅम्प, म्हणजे आजचं उल्हासनगर. या विषयावर घरात त्यांनी कधी तोंड उघडलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला इन्स्टाग्रामवर हिराबादच्या जुन्या घरांचे फोटो टाकणारा एक मुलगा सापडला. मुसलमान, घराणं उर्दू बोलणारं, पणजोबा 1947 मध्ये अजमेरहून तिकडे गेलेले. पण तो सिंधी फाडफाड बोलतो. तेव्हापासून रोज संध्याकाळी त्याचा आणि बाबांचा व्हिडिओ कॉल. तो मोबाईल घेऊन बाजारात फिरतो, बाबा इथून "आता डावीकडे वळ" सांगतात. एकदा बाबांनी कॅमेरा वर करायला लावला, आपल्या घराच्या गच्चीवरचा मंघ, म्हणजे वारा खाली खोलीत आणायचा तो झरोका, अजून आहे का बघायला. तिथे पाण्याची निळी टाकी होती. बाबा इतके हसले की खोकल्याची उबळ आली.

माझे मिस्टर अंबरनाथला संरक्षण खात्याच्या कारखान्यात आहेत. त्यांना हे अजिबात पसंत नाही. "ज्यांनी आपल्याला हाकललं त्यांच्याशी गप्पा कसल्या?" म्हणतात.

पण खरी ठिणगी वेगळीच पडली. कल्याण पश्चिमेला आमचा एक वन बीएचके रिकामा आहे, बाबांच्या नावावर. एजंटने एक जोडपं आणलं. ती नर्स, तो औषधांच्या दुकानात. मुंब्र्याचे, मुसलमान. बाबांनी एजंटला आत बोलावून सांगितलं, "यांना नको. सोसायटी देत नाही म्हणून सांग." माझी मुलगी तिथेच होती. ती ओरडली, "पाकिस्तानातला चालतो आणि मुंब्र्यातला चालत नाही?" त्या दिवसापासून बाबांनी फोन घेणं सोडलं आहे. जेवणही कमी झालं. मुलगी त्यांच्याशी बोलत नाही, मिस्टर म्हणतात फोन सुटला ते बरंच झालं. बाबा दुटप्पी आहेत का? मी मध्ये पडू का?

— एक सून, उल्हासनगर

उत्तर

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं. हो. बाबा दुटप्पी वागले, आणि तुमच्या मुलीने बरोबर जागी बोट ठेवलं. पण तुमच्या पत्रात फोन, फ्लॅट आणि बापलेकाचं न झालेलं बोलणं अशी तीन भांडणं एकमेकांत गुंतली आहेत. ती सुटी केल्याशिवाय त्या "हो"चा तुम्हाला काही उपयोग नाही.

फोनचं सोपं आहे. पाकिस्तानातल्या माणसाशी खाजगी फोनवर बोलणं हा गुन्हा नाही. तरीही तुमच्या मिस्टरांची काळजी मी उडवून लावणार नाही. संरक्षण खात्याच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या घरून रोज संध्याकाळी सीमेपलीकडे कॉल जातो, ही गोष्ट उद्या कोणी विचारण्याआधी आपणच सांगितलेली बरी. त्यांनी कारखान्यात नियमांची चौकशी करावी आणि लेखी कळवून पोच घ्यावी. कॉल बाबांच्याच नंबरावरून, बाबांच्याच मोबाईलवर व्हावेत. मिस्टरांची नोकरी, कारखाना, ओळखपत्र, गणवेशातला फोटो यातलं काहीही त्या गप्पांत येऊ नये. पैसे, पार्सल, ओटीपी, आधार हे विषय निघाले तर कॉल तिथेच संपवायचा, मग समोर कोणीही असो. आणि "बाबा, एकदा आपण हिराबाद बघून येऊ" असं प्रेमाच्या भरात कोणी म्हणू नका. राजस्थानातल्या मुनाबावहून सिंधकडे जाणारी थार एक्सप्रेस 2006 मध्ये चाळीस वर्षांनी सुरू झाली होती, ती 2019 मध्ये थांबली. 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर व्हिसे रद्द झाले, अटारीच्या सीमेचं दार बंद झालं, टपालसुद्धा थांबलं. 89 वर्षांच्या माणसाला न पाळता येणारं वचन देऊ नये.

आता मिस्टरांचं वाक्य: "ज्यांनी आपल्याला हाकललं." हे वाक्य त्यांनी कुठून घेतलं, मला माहीत नाही, पण वडिलांकडून नसणार. वडील तर बोललेच नाहीत. म्हणून ते काय घडलं होतं तेवढं सांगते.

सिंधची फाळणी झालीच नाही. पंजाब आणि बंगाल कापले गेले, सिंध अख्खा पाकिस्तानात गेला. प्रांतात हिंदू साधारण चौथा हिस्सा, हैदराबाद शहरात तर हिंदूच जास्त. 1947 च्या ऑगस्टमध्ये पंजाबात प्रेतांनी भरलेल्या गाड्या येत होत्या तेव्हा सिंधमध्ये बऱ्यापैकी शांतता होती. राज्य बदललं म्हणून गाव कशाला सोडायचं, असं म्हणणारे हिंदू पुष्कळ होते. मग दिल्लीहून, संयुक्त प्रांतातून, राजपुतान्यातून मुसलमान कुटुंबं यायला लागली. लुटली गेलेली, घर गमावलेली. त्यांना डोक्यावर छप्पर हवं होतं. इकडे अजमेरात नेमकं उलटं चाललं होतं. सिंधमधून आधी निघालेले हिंदू तिथे पोचत होते, आणि त्यांनाही छप्परच हवं होतं. डिसेंबरच्या सुरुवातीला अजमेरात दंगल झाली. तिथले मुसलमान जीव मुठीत घेऊन सिंधकडे निघाले, त्यातले बरेचसे हैदराबादेत उतरले. 17 डिसेंबरला हैदराबादेत दंगल झाली, 6 जानेवारी 1948 ला कराचीत. त्यानंतर मात्र लोकांनी घरांना कुलपं लावली आणि बंदराची वाट धरली. कराचीहून मुंबईला, ओख्याला, वेरावळला बोटी भरभरून आल्या.

हे वाचल्यावर तुमच्या घरातला तो कॉल पुन्हा डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला हिराबादेतून निघालेला अकरा वर्षांचा मुलगा. दुसऱ्या टोकाला अजमेरहून आलेल्या माणसाचा पणतू. त्याच्या पणजोबांनी बाबांना हाकललं असं म्हणायला तुमच्याकडे काही आधार नाही. पण त्यांच्यासारख्यांचं तिथे येणं आणि बाबांसारख्यांचं तिथून जाणं ही एकाच महिन्यातली गोष्ट आहे, एकामुळे दुसरी घडलेली. तुमच्या घरात हे कोणी उच्चारलं नसेल, पण बाबांना ते ठाऊक असणारच. आणि तो मुलगा घराघरांचे फोटो काढत हिंडतो म्हणजे त्यालाही ठाऊक असणार की तो राहतो त्या गल्लीतल्या घरांवर पूर्वी कोणाची नावं होती. तरी दोघं रोज बोलतात. हिशेब मिटला म्हणून नाही. दोघांपैकी कोणीही तो मांडायला बसलेला नाही म्हणून.

मिस्टरांना मात्र हिशेब मांडायचा आहे, तर पुरा मांडावा. सिंध म्हणजे नुसती सूफी संतांची, शाह लतीफ आणि झुलेलालची भूमी, हिंदू-मुसलमान एकाच दर्ग्यात मिठाई वाटायचे, हे हल्ली फार गोड करून सांगतात. खोटं नाही ते. सिंधमधल्या उडेरोलालला एकाच आवारात दोघांची पूजा-इबादत आजही चालते. पण खेड्यातला मुसलमान कूळ हिंदू सावकाराच्या वहीत अडकलेला होता, तेही खरं. 1939 मध्ये सक्करला मंझिलगाह मशिदीवरून दंगल पेटली, त्याच दिवसांत भगत कंवरराम यांना रुक स्टेशनावर गोळ्या घातल्या, तेही खरं. बऱ्याच सिंधी घरांप्रमाणे तुमच्याही घरात त्यांचा फोटो असेल, डोक्यावर पागोटं, पायात घुंगरं. हिंदूंची भजनं आणि सूफींचे कलाम एकाच गळ्यातून गाणारा माणूस होता तो. आणि आज तिकडच्या हिंदूंचं काय, असं मिस्टर विचारणारच. विचारायलाच हवं. पाकिस्तानातले बहुतेक हिंदू सिंधमध्येच आहेत, आणि जबरदस्तीच्या धर्मांतराविरुद्धचं विधेयक सिंध विधानसभेने 2016 मध्ये मंजूर करूनही त्याचा कायदा झाला नाही. पण याचा जाब त्या इन्स्टाग्रामवाल्या पोराला विचारून काय मिळणार? मुंबईतल्या 1992-93 च्या दंगलींचा जाब तुमच्या मुलीला कोणी विचारला तर तिने काय सांगायचं?

मला विचाराल तर मिस्टरांचा राग पाकिस्तानवर थोडा आणि बाबांवर जास्त आहे. पन्नाशीच्या घरातला मुलगा. आयुष्यभर बाप गप्प. कुठली गल्ली, कुठलं दुकान, बोटीवर काय झालं, कोण मागे राहिलं, एक शब्द नाही. आणि एक दिवस तोच बाप परक्या पोराला हसत हसत रस्ते सांगतोय, तेही अशा सिंधीत, जी मुलाला धड येत नसेल. हे गृहीत धरतेय, पण उल्हासनगरात वाढलेल्या त्या पिढीत पुष्कळांचं तसंच आहे, शाळा दुसऱ्या भाषेत, घरी सिंधी कानावरची. त्या पिढीच्या आईबापांनी मुलांना मागचं मुद्दाम सांगितलं नाही. बराकीत गोणपाटाचे पडदे लावून संसार मांडलेले लोक, उद्याचं दुकान उघडायचं होतं. रडगाणं गाणाऱ्याकडे गिऱ्हाईक येत नाही. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

म्हणून मिस्टरांना "तुम्ही समजून घ्या" असलं काही सांगू नका, पुरुष ते ऐकत नाहीत. त्यांना कॉलच्या वेळी खोलीत बसवा. पाहिजे तर पेपर वाचत बसू देत. आणि तुम्ही मध्येच विचारा, "अहो, बाबा आत्ता काय म्हणाले?" सिंधी तुमच्यापेक्षा त्यांना जास्त येते. त्यांना अडलं की ते बाबांनाच विचारतील. एवढं झालं तरी पुष्कळ झालं.

आता फ्लॅट. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण फोनपेक्षा हे अवघड आहे.

बाबांना तो मुलगा का चालतो? तो त्यांना हिराबाद देतो आणि काही मागत नाही. बटण दाबलं की तो गेला. भाडेकरू तसा जात नाही. त्याच्या नळाला गळती लागते, त्याचा चेक उशिरा येतो, जिन्यात त्याचे पाहुणे भेटतात, ईदला तो शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन दारात उभा राहतो आणि मग दिवाळीला आपल्यालाही जावं लागतं. पलीकडच्या मुसलमानाशी बाबांचं नातं आठवणींचं आहे, अलीकडच्याशी व्यवहाराचं जुळवावं लागेल. आठवणीत भीती नाही. व्यवहारात आहे. 17 डिसेंबर तर आहेच, पण नंतर 1984 ची भिवंडी आहे, जिची झळ कल्याण-ठाण्यापर्यंत आली होती. मग 1992-93 आहे. अकराव्या वर्षी घर सुटलेल्या माणसाच्या मनात प्रत्येक दंगल मागच्या दंगलीवर जाऊन बसते. त्यांची भीती मी खोटी म्हणत नाही.

पण भीती ज्या बाजूला वाटते, मरण त्याच बाजूला येतं असं नाही. 1992-93 च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने मुंबईच्या त्या दोन महिन्यांतले 900 मृत्यू मोजले, त्यात 575 मुसलमान आणि 275 हिंदू होते. त्यानंतर मुंबईतून उठून किती मुसलमान कुटुंबं मुंब्र्याला गेली, हे ठाणे जिल्ह्यात राहणाऱ्यांना मी सांगायला नको. मुंब्रा एवढं भरलं ते त्याच काळात. तुमच्या दारात आलेल्या त्या नर्सच्या आईबापांनीही कदाचित असंच कुठलं घर सोडलं असेल. "कदाचित" म्हणतेय, कारण तिला कोणी विचारलंच नाही. एजंटने तिला सांगितलं असणार, सोसायटी देत नाही.

हे वाक्य मला सगळ्यात खटकलं. सोसायटीने काही म्हटलेलंच नाही! आपल्याकडच्या मॉडेल उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, भाडेकरू ठेवायला सोसायटीची आधी परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. नाही म्हणायचं होतं ते बाबांना. त्यांनी ते सोसायटीच्या नावावर खपवलं, आणि कल्याण-डोंबिवलीत रोज शेकड्याने घरमालक हेच करत असतील. कुणीच नाही म्हणत नाही, तरी घर मिळत नाही.

आणि हे कोणाच्या घरात घडलं? 1948 मध्ये मुंबई सरकारला सिंधमधून येणारे लोक नकोसेच झाले होते. शहरात जागा नाही म्हणून त्यांना गावाबाहेरच्या लष्करी छावण्यांत पाठवलं. 8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींनी कल्याण कॅम्पला उल्हासनगर नाव दिलं, पण कल्याणकरांच्या तोंडी ते अजून कॅम्पच आहे. गुजरातेत तर सिंधी मांस खातात, पोशाखही वेगळा, म्हणून "हे अर्धे मुसलमानच" असं म्हणून लोक त्यांना घर देत नव्हते. आपल्याकडे काय बोलत होते ते तुमच्या वडिलांच्या तोंडून तुम्ही ऐकलंच आहे. ('मेड इन यूएसए'मधलं यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा शिळा विनोद माझ्यासमोर अजूनही लोक करतात, आणि मी हसावं अशी अपेक्षा करतात.) म्हणजे ताई, नकोशा भाडेकरूचं दुःख काय असतं, हे तुमच्या घरात बाबांना अनुभवाने कळतं आणि तुम्हाला ऐकून. मुलीला दोघांकडून मिळालं आहे, म्हणून ती एवढी चिडली.

तर मध्ये पडायचं का? पडा. दुसरं कोणी पडण्यासारखं नाही तुमच्या घरात. मिस्टरांनी बोलायला घेतलं की वकिली होईल, मुलीने घेतलं की उलटतपासणी. तुम्ही दुपारच्या चहाला बाबांजवळ बसा आणि फ्लॅटचं नावही न काढता एकच विचारा: "बाबा, बोटीतून उतरल्यावर तुमच्या वडिलांना पहिली खोली कोणी दिली? कोणी नाही म्हणालं होतं का?" मग गप्प बसा. ते कदाचित उठून आत जातील. जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा असतोच. पण "मुंब्र्याचीही माणसंच ना बाबा" असलं प्रवचन देऊ नका. 89 व्या वर्षी माणसाला प्रवचन लागू पडत नाही, प्रश्न कधीकधी पडतो.

त्यांची मान थोडी जरी हलली, तर एजंटला सांगून त्या जोडप्याला कागदपत्रांसह घरी बोलवा, चहाला. कोणत्याही भाडेकरूचं बघतो तेवढंच बघायचं: नोकरीचं पत्र, आधीच्या घरमालकाचा नंबर, ओळखपत्र. लीव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी, पोलिसांना माहिती, सोसायटीला पत्र. शेजारच्या ब्लॉकमधल्या मराठी किंवा सिंधी भाडेकरूकडून जे मागितलं नसतं ते यांच्याकडूनही मागायचं नाही. बाबांशेजारी बसून तिला बोलू द्या. नर्स आहे, त्यांच्या खोकल्याची चौकशी ती आपणहून करेल, मला खात्री आहे.

आणि बाबा तरीही नाहीच म्हणाले तर? फ्लॅट त्यांच्या नावावर आहे, सही त्यांची लागते. ती त्यांच्याकडून रडवून किंवा जेवण सोडायच्या धमकीने घेऊ नका. जेवण सोडायचा प्रयोग सध्या त्यांच्या बाजूने चालूच आहे. पण मग एक अट घाला, आणि ती सून म्हणून तुम्हाला घालता येते: एजंटला पुन्हा सोसायटीचं नाव सांगायचं नाही. "मला द्यायचा नाही" असं त्यांनी स्वतःच्या तोंडाने, समोर बसून सांगायचं. मला वाटतं, त्यांना ते जमणार नाही.

मुलीबद्दल थोडक्यात. तिने आजोबांची माफी मागावी ती आवाज चढवल्याबद्दल, मुद्द्याबद्दल नव्हे. हा फरक तिला तुम्ही सांगा, वडिलांकडून सांगवू नका. अबोला मात्र तिने आधी सोडायला हवा, ती वीस-बावीसची असेल, तिला वेळ आहे.

राहता राहिला हैदराबादचा तो मुलगा. इतके दिवस कॉल उचलला जात नाही म्हटल्यावर त्याच्या मनात काय काय आलं असेल. आजोबा आजारी आहेत की गेले, की आपणच काही चुकीचं बोललो, की तिकडे कोणी धमकावलं. मुलीला आजच त्याला दोन ओळी पाठवायला सांगा: आजोबा बरे आहेत, घरात थोडी गडबड होती, पुढच्या आठवड्यात बोलतील. फ्लॅटचं काही कळवू नका. ते कल्याणमध्ये सोडवायचं आहे.